कुंडी बदलल्यावर जुनिपर, मोरपंखी तपकिरी पडतंय? नाशिकच्या हवेत कारण कसं शोधायचं

नर्सरीतून आणलं तेव्हा झाड हिरवंगार होतं. हौसेनं मोठ्या कुंडीत लावलं आणि महिनाभरात शेंडे करपायला लागले. जुनिपर, मोरपंखी (शाळेत वहीत ठेवायची ती विद्या), गोल्डन सायप्रस, किंवा सगळे ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात ते अरोकेरिया, यातलं काहीही गच्चीवर असेल तर हा अनुभव तुम्हाला कधी ना कधी येणार. विचारायला गेलं की एक जण सांगतो पाणी वाढवा, दुसरा सांगतो पाणी तोडा, तिसरा हातात बुरशीनाशकाची पुडी ठेवतो. तिघांपैकी कुणीही मुळं बघितलेली नसतात.

मी नाशिकमध्येच गच्चीवर ही झाडं सांभाळतो. खाली दिलेला क्रम मी प्रत्येक झाडाला लावतो. क्रम बदलू नका, कारण पुढच्या पायरीचा अर्थ मागच्या पायरीवरून लागतो.

एक गोष्ट आधी समजून घ्या. तुळशीला पाणी कमी पडलं तर ती दुपारपर्यंत मान टाकते, संध्याकाळी पाणी घातलं की उभी राहते. सूचिपर्णी झाडं (वर सांगितलेली सगळी याच गटातली) अशी लगेच सांगत नाहीत. त्यांची पानं जाड, मेणचट आणि कमी पाण्यावर टिकणारी असतात, त्यामुळे मुळं मेल्यावरही पानं कित्येक आठवडे हिरवी दिसतात. म्हणजे आज जे तपकिरी दिसतंय त्याचं कारण आजच्या पाण्यात नाही, काही आठवड्यांपूर्वी घडलेल्या गोष्टीत आहे. आणि आज केलेल्या उपायाचा परिणामही लगेच दिसणार नाही. हे लक्षात ठेवलंत तर घाईघाईत होणारं निम्मं नुकसान टळेल.

जवळ काय हवं

- खराट्याची लांब काडी किंवा उदबत्तीची उरलेली काडी
- पांढरा कोरा कागद आणि साधं भिंग
- खुरपं, जुनी वर्तमानपत्रं, धारदार कात्री
- पाणी ओतायला झारी, कुंडी टेकवायला विटांचे किंवा फरशीचे तुकडे
- हिरव्या शेडनेटचा तुकडा (कृषी सेवा केंद्रात मिटरवर मिळते, ५० टक्के सावलीची पुरे)
- मोबाइलमधले जुने फोटो. झाड आणलं त्या दिवशीचा फोटो असेल तर फार उपयोग होतो
- एक कागद, ज्यावर लिहायचं: झाड कधी आणलं, कुंडी कधी बदलली, मातीत काय काय मिसळलं, पाणी नळाचं की बोअरचं, त्या काळात झाडाची जागा हलवली का

१. आधी हात आवरा

खत, फवारणी, छाटणी आणि पुन्हा कुंडी बदलणं, चारही बंद. दुखावलेल्या मुळांना युरिया किंवा डीएपी म्हणजे आणखी क्षार, आणि क्षार मुळांतलं उरलंसुरलं पाणीही ओढून घेतात. झाड उजेड असलेल्या सावलीत हलवा. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास मिळालं तर चांगलं, पण दुपारचं ऊन नको आणि वाऱ्याचा झोत नको. घरात अंधाऱ्या कोपऱ्यात मात्र नेऊ नका, उजेडाशिवाय झाड सावरत नाही.

चारही बाजूंनी फोटो काढा. आठवड्यानंतर तुलना करायला हेच कामाला येतील, कारण रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारा बदल कळत नाही.

२. करपा कुठून सुरू झालाय?

झाडाला पूर्ण प्रदक्षिणा घाला, फांद्या बाजूला सारून आतही बघा.

फक्त आतली, खोडालगतची जुनी पानं पिवळी-तपकिरी होऊन गळत असतील आणि शेंडे ताजे असतील तर काळजी नको. सदाहरित झाडंही जुनी पानं टाकतात, आणि कुंडी बदलल्यावर हे थोडं जास्त होतं. मोरपंखीला कडाक्याच्या थंडीत तांबूस छटा येते आणि ऊब वाढली की जाते, तेही दुखणं नाही.

शेंड्यांकडून आत करपत येत असेल तर मुळांपर्यंत पाणी पोहोचत नाही, क्षार वाढलेत किंवा गरम वारा लागलाय. एकाच बाजूनं, बहुतेक पश्चिमेकडून किंवा भिंतीच्या बाजूनं, झाड भाजलं असेल तर तो उन्हाचा चटका. एकच फांदी पूर्ण वाळली आणि बाकी झाड ठीक असेल तर त्या फांदीच्या बुडाशी बघा, ने-आण करताना ती पिचलेली असू शकते किंवा बांधलेली तार, सुतळी रुतलेली असू शकते. पावसाळ्यात जुनिपरच्या कोवळ्या शेंड्यांवर करपा येऊन हिरव्या आणि वाळलेल्या भागाच्या सीमेवर बारीक काळे ठिपके दिसले तर बुरशीचा संशय घ्या.

सगळ्यात वाईट चिन्ह सुरुवातीला तपकिरी नसतंच. पूर्ण झाडाची चकाकी जाते, हिरवा रंग राखाडी आणि निस्तेज होतो, पानं हाताला कोरडी खरखरीत लागतात. मग एकदम सगळं झाड तपकिरी पडतं. असं दिसलं तर थेट मुळांकडे वळा.

३. जीव आहे का ते नखानं बघा

करपलेल्या फांदीच्या शेंड्याजवळ साल नखानं अगदी हलकी खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर तिथपर्यंत फांदी जिवंत. कोरडं तपकिरी दिसलं तर थोडं खाली सरकून पुन्हा बघा. खोडाच्या बुडापर्यंत कुठेच हिरवं सापडलं नाही तर झाड गेलंय. कोवळी फांदी वाकवून बघितली तरी अंदाज येतो: जिवंत फांदी लवते, मेलेली कट्‌कन मोडते.

४. ओल दोन ठिकाणी तपासा

या पायरीला वेळ द्या, बहुतेक झाडांचं कारण इथेच सापडतं.

नर्सरीतलं झाड काळ्या पिशवीत येतं तेव्हा त्याची मुळं लाल मातीच्या घट्ट गोळ्यात किंवा कोकोपीटमध्ये असतात. आपण तो गोळा तसाच उचलून मोठ्या कुंडीत ठेवतो आणि भोवती कोकोपीट, गांडूळखत, परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) असं भुसभुशीत मिश्रण भरतो. आता कुंडीत दोन वेगळ्या माती झाल्या. पाणी घातलं की ते भुसभुशीत भागातून सरळ खाली जातं. वरून कुंडी ओली दिसते, खालून पाणी निथळतं, आणि मधला गोळा, जिथे झाडाची सगळी मुळं आहेत, तो कोरडाच राहतो. लाल माती किंवा कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की लवकर पाणी धरत नाही. अशा झाडाचा गोळा फोडला तर बाहेरून काळपट ओला आणि आत बोटांनी चुरडला जाईल इतका कोरडा निघतो, आतली बारीक मुळं धाग्यासारखी सुकलेली असतात.

म्हणून काडी दोन ठिकाणी घाला: एकदा कुंडीच्या कडेला नव्या मिश्रणात, एकदा खोडाजवळ जुन्या गोळ्यात. तळाच्या थोडं वरपर्यंत जाऊ द्या, दहा मिनिटं थांबा, मग बाहेर काढा.

- कडेला ओली, खोडाजवळ कोरडी: गोळ्यात पाणी शिरत नाही.
- दोन्हीकडे चिकट ओली, आणि शेवटच्या पाण्याला चार-पाच दिवस होऊन गेलेत: निचरा नाही, मुळं गुदमरताहेत.
- दोन्हीकडे कोरडी: पाणीच कमी पडतंय.
- काडीला आंबूस, कुजका वास: मूळकूज, पुढची पायरी आजच करा.

गोळा कोरडा असेल तर उपाय सोपा आहे. काडीनं गोळ्यात सात-आठ उभी भोकं पाडा, जाड मुळं चुकवत. मग कुंडी पाण्यानं भरलेल्या टबात कडेच्या थोडं खालीपर्यंत बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढा आणि पूर्ण निथळू द्या. टबात रात्रभर विसरू नका. त्यानंतरचे काही आठवडे पाणी घालताना झारी खोडाजवळ धरा, हळूहळू, दोन खेपांत.

आणि पुढे पाण्याचा नियम एकच: वाफसा आला की पाणी. वरचे दोन इंच कोरडे आणि काडी आत जेमतेम ओलसर. 'रोज एक तांब्या' हे वेळापत्रक या झाडांना मारतं. नाशिकच्या मे महिन्यात रोजचं पाणी लागू शकतं, तर जुलैच्या झडीत आठवडाभर लागणार नाही.

५. झाड कुंडीतून काढून मुळं बघा

हे सरसकट करायचं नाही. काडी चिकट ओली आली, वास आला, झाड बुडाशी हलतंय किंवा सगळं झाडच राखाडी पडलंय, तेव्हाच करा. संध्याकाळी, सावलीत, वर्तमानपत्रं पसरून. मिश्रण अगदी चिखल असेल तर एखादा दिवस वाळू द्या. कुंडी आडवी करा, कडा ठोका, खोडाच्या बुडाला धरून गोळा सरकवून घ्या. शेंड्याला धरून ओढू नका.

द्राक्षबागायतदार ज्या पांढऱ्या मुळीसाठी जीव टाकतात तीच इथेही शोधायची. मुळांची टोकं पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि जाड मुळं टणक असतील तर झाड वाचण्याची आशा चांगली, भले वरून बरंच करपलेलं दिसो. जुनी मुळं बाहेरून तांबूस-तपकिरी असतातच, त्यानं घाबरू नका. पाइनच्या मुळांवर पांढरी कापसासारखी जाळी दिसली तर ती धुऊ नका, ती झाडाला मदत करणारी बुरशी असते.

कुजलेलं मूळ काळपट आणि मऊ असतं. चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटून हातात येते आणि आत केसासारखा धागा उरतो. असं असेल तर कुजलेला भाग कात्रीनं कापा, प्रत्येक कापानंतर कात्री सॅनिटायझरनं पुसा. चिखल झालेलं मिश्रण झाडून टाका आणि नव्या, निचऱ्याच्या मिश्रणात लावा. कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची घ्या, मोठी नको. मोठ्या कुंडीतली जादा माती ओल धरून ठेवते आणि ती ओल प्यायला मुळंच शिल्लक नसतात.

ट्रायकोडर्मा (मातीत मिसळायची उपयुक्त बुरशी) आधीपासून मिश्रणात असला तर रोखायला मदत करतो, कुजलेलं मूळ तो जिवंत करत नाही. द्राक्षावरच्या डाऊनी (केवडा) रोगासाठी बागेत वापरतात ते मेटालॅक्सिल-मॅन्कोझेबचं मिश्रण मूळकूज करणाऱ्या काही बुरशींवर चालतं, पण आळवणी (औषधाचं पाणी मुळांशी ओतणं) करायची तर कृषी सेवा केंद्रात विचारून, लेबलवरच्या मात्रेनं, हातमोजे घालून. गावाकडच्या बागेतून उरलेलं औषध आणून अंदाजानं कुंडीत ओतणं हा नाशिककरांचा नेहमीचा सापळा आहे. एकरी मात्रेचा हिशोब कुंडीला लावू नका. निचरा सुधारला नाही तर कुठलंच औषध टिकत नाही.

मुळं बघतानाच आणखी तीन गोष्टी तपासा.

हुमणी: इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली, पांढरट, जाडजूड अळी. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते आणि मुळं खाते. झाड बुडाशी डुलत असेल आणि पाणी बरोबर असूनही वाळत असेल तर हिचाच संशय घ्या. हातानं वेचून काढा, ते शेणखत दुसऱ्या कुंड्यांतही वापरलं असेल तर तिथेही बघा.

खोलवर लावणी: खोड जिथे रुंद होऊन मुळं फुटतात तो भाग मातीच्या पातळीवर हवा. तो दोन-तीन इंच खाली गाडला गेला तर सतत ओलीनं साल कुजते. खुरप्यानं माती बाजूला करून ठेवा.

गुंडाळलेली मुळं: पिशवीच्या आकारात गोल फिरलेली मुळं असतील तर बाहेरची थोडी मोकळी करा. पण झाड आत्ताच आजारी असेल तर हे काम पुढच्या वर्षी.

६. कुंडी, माती आणि पाणी

झारीभर पाणी ओता आणि बघा. पाणी मिनिटभरात मुरून खालून निथळायला हवं. वर तळं साचत असेल तर भोकं बुजलीत किंवा मिश्रण चुकलंय. भोकावर खापराचा एक तुकडा चालतो, पण तळाला खडीचा जाड थर घालून निचरा वाढत नाही. ओलीचा पट्टा फक्त वर, मुळांच्या जवळ सरकतो. कुंडी विटांच्या तुकड्यांवर टेकवा, खालची ताटली काढून टाका.

आपली काळी माती शेतात सोन्याची, कुंडीत या झाडांना घातक. ओली झाली की फुगून हवा बंद करते, वाळली की भेगा पडून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून पळून जातं. मी एक भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग विटांचे बारीक तुकडे किंवा परलाइट आणि एक भाग धुतलेलं कोकोपीट घेतो, त्यात पूर्ण कुजलेलं खत मूठभर. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्या, त्यात मुळात क्षार असू शकतात.

मातीवर किंवा मातीच्या कुंडीबाहेर पांढरा थर दिसतोय? तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतं का, विचारा. आपल्याकडच्या बेसाल्ट खडकातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. महापालिकेचं धरणाचं पाणी त्या मानानं चांगलं. निचरा उत्तम असेल तर कुंडीच्या दुप्पट-तिप्पट मापाचं चांगलं पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढा. पावसाचं पाणी साठवता आलं तर सगळ्यात उत्तम.

७. ऊन, वारा आणि महिना

नर्सरीत झाड शेडनेटखाली वाढलेलं असतं. आणल्या दिवशीच गच्चीवर उघड्या उन्हात ठेवलं तर भाजणारच. दोन आठवड्यांत थोडं थोडं ऊन वाढवत न्या.

नाशिकची थंडी बोचरी असते, पण जुनिपर आणि मोरपंखीला ती त्रास देत नाही. मारतो तो फेब्रुवारीअखेरपासून सुटणारा कोरडा वारा आणि मार्च ते मेचं ऊन, जेव्हा पारा चाळिशीच्या घरात जातो. तेव्हा गच्चीची फरशी खालून तापते आणि काळी प्लास्टिकची कुंडी मुळं शिजवते. दुपारी तीनला कुंडीच्या बाहेरून हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर मुळांनाही ते सोसत नाही. कुंडीभोवती गोणपाट गुंडाळा, किंवा ती कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवा.

कुंडी बदलायची तर पाऊस नीट रुळल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये, मिश्रण निचऱ्याचं ठेवून, नाहीतर जानेवारीअखेर. उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात नको.

गोल्डन सायप्रसबद्दल स्पष्ट सांगतो. हे मूळचं कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे किनाऱ्यावरचं, गार आणि धुक्याच्या हवेतलं झाड. सगळं बरोबर करूनही आपल्या उन्हाळ्यात ते अनेकदा हरतं. नव्यानं सुरुवात करत असाल तर जुनिपर किंवा मोरपंखी घ्या.

८. कागद धरून कोळी शोधा

रंग एकसारखा तपकिरी नसून बारीक पिवळट ठिपक्यांनी धुळकट, तांबूस झाला असेल तर पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदी दोन-तीनदा ठोका. कागदावर पडलेल्या कणांकडे भिंगातून मिनिटभर बघा. कण चालायला लागले तर ते कोळी, म्हणजे जाळी विणणारा नेहमीचा कोळी नव्हे, पानांतला रस शोषणारी बारीक कीड. बोटानं पुसल्यावर लालसर-हिरवट रेघ उमटते.

कोरड्या गरम हवेत कोळी झपाट्यानं वाढतात. पहिला उपाय पाण्याचा जोरदार फवारा, सकाळी, आतल्या फांद्यांवरही, दर तीन-चार दिवसांनी. इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक कोळ्यांवर चालत नाही, उलट कधी कधी कोळी वाढतात. पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, पण कडक उन्हाळ्यात त्यानं पानं भाजतात आणि नीमतेलाच्या फवारणीला दोन आठवडे झाले नसतील तर मारायचंच नाही. निळसर जुनिपरवर तेल मारलं तर पानांवरची निळी मेणाची झाक जाते.

९. थांबा, आणि कात्री जपून

तपकिरी झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. सुधारणा ओळखायची ती शेंड्यांच्या कोवळ्या पोपटी फुटीवरून, आणि ती यायला महिना-दोन महिने लागतात. त्याआधी फोटो ताडून बघा: करपा जिथे होता तिथेच थांबला असेल तर दिशा बरोबर आहे. या काळात खत नाही. नवी फूट चांगली दिसू लागल्यावर गांडूळखताचं पाणी पातळ करून द्या.

नखानं मेलेली ठरलेली फांदीच कापा. जुनिपर, सायप्रस, मोरपंखी यांच्या पानं नसलेल्या जुन्या लाकडातून सहसा नवी फूट येत नाही, त्यामुळे 'छाटलं की फुटेल' हा गुलाबाचा हिशोब इथे चालत नाही. अरोकेरियाचा मधला शेंडा तर अजिबात कापू नका. आकार कायमचा जातो आणि खालच्या गेलेल्या फांद्या परत येत नाहीत.

१०. तरीही कारण सापडत नसेल तर

गंगापूर धरणाच्या वाटेवर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारता येतं. जाण्याआधी फोन करून वेळ विचारून घ्या. नुसती वाळकी काडी नेऊ नका, त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. सोबत न्या:

- अर्धी हिरवी, अर्धी करपलेली फांदी, कागदी पिशवीत (प्लास्टिकमध्ये ती वाटेतच सडते)
- थोडी मुळं आणि मूठभर मिश्रण, वेगळ्या पिशवीत
- स्वच्छ बाटलीत लिटरभर तेच पाणी, जे झाडाला घालता
- सुरुवातीला लिहिलेला कागद आणि फोटो

झाड गेलंच असेल आणि मुळं कुजलेली निघाली असतील तर ते मिश्रण दुसऱ्या कुंडीत वापरू नका. कुंडी घासून धुवा, ब्लीचच्या पातळ पाण्यात अर्धा तास ठेवा, साध्या पाण्यानं धुऊन कडक उन्हात वाळवा आणि मगच पुढचं झाड लावा.